दहा हंगामांचा उंबरठा

प्रति,
संचालक मंडळ,
नॅशनल बेसबॉल हॉल ऑफ फेम आणि संग्रहालय,
कूपरस्टाउन, न्यूयॉर्क राज्य



आपल्या दालनात ब्राँझचे जे फलक आहेत, त्यांत एक ॲडी जॉसचा आहे. तो तिथे लागावा म्हणून आपल्या मंडळाने एकदा स्वतःचाच नियम बाजूला ठेवला होता. हे पत्र त्या नियमाबद्दल आहे आणि त्याच्या सोबतीने वावरणाऱ्या आणखी एका नियमाबद्दल. मते पत्रकार देतात, पण नियम आपण ठरवता. म्हणून विनंती आपल्याकडे.

पत्र मराठीतून आणि खुले लिहितो आहे, त्यालाही कारण आहे. न्यू जर्सीत, टेक्सासात, कॅलिफोर्नियात वाढणारी मराठी मुले शाळेच्या मैदानावर बेसबॉल खेळतात आणि क्रिकेटवर पोसलेले त्यांचे आईवडील कुंपणाशी बसून हा खेळ समजून घेत असतात. या प्रश्नात त्यांनाही मत असावे असे मला वाटते. तेव्हा आपल्याला पाठ असलेल्या काही गोष्टी मी इथे उलगडून सांगणार आहे. त्याबद्दल राग नसावा.

हॉल ऑफ फेमसाठी विचार व्हायचा तर खेळाडूने सर्वोच्च पातळीवर किमान दहा हंगाम खेळलेले असावे लागतात. निवृत्तीनंतर पाच वर्षे जावी लागतात. मग अमेरिकेच्या बेसबॉल पत्रकार संघटनेचे जुने सदस्य मतदान करतात. प्रत्येकाला जास्तीत जास्त १० नावे निवडता येतात आणि ७५ टक्के मते मिळाली की खेळाडू आत. ज्याला ५ टक्केही मते पडत नाहीत, त्याचे नाव पुढच्या वर्षीच्या यादीतून कायमचे निघते. दहा हंगामांची अट आणि पाच टक्क्यांची अट, या दोन गोष्टींनी मिळून एका विशिष्ट प्रकारच्या खेळाडूंना बाहेर ठेवले आहे: जे फार थोडा काळ खेळले, पण त्या थोड्या काळात त्यांच्या तोडीचे दुसरे कोणी नव्हते.

जॉसपासून सुरुवात करतो, कारण त्याच्या बाबतीत आपण हे ओळखले होते.

क्लीव्हलंडचा हा उंच, सडपातळ पिचर १९०२ साली पहिला सामना खेळला आणि त्यात त्याने प्रतिस्पर्ध्यांना एकच हिट दिली. पिचरची पारख करायचा जुना आकडा म्हणजे ईआरए, दर नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर पडलेल्या धावांची सरासरी. तीनच्या आत असेल तर पिचर उत्तम समजावा. जॉसचा सबंध कारकिर्दीचा ईआरए १.८९ आहे. खेळाच्या इतिहासात याहून कमी फक्त एड वॉल्शचा. हे दोघे २ ऑक्टोबर १९०८ रोजी क्लीव्हलंडमध्ये एकमेकांसमोर आले. विजेतेपदाची शर्यत शेवटच्या दिवसांत होती आणि क्लीव्हलंड, शिकागो, डेट्रॉइट असे तिघेही तिच्यात होते. वॉल्शने त्या दिवशी १५ जणांना स्ट्राइकआउट केले, म्हणजे चेंडू टोलवू न देताच बाद केले. आणि तरीही हरला, कारण जॉससमोर २७ फलंदाज आले आणि २७ बाद झाले. एकालाही पहिला बेस दिसला नाही. १–० असा तो सामना संपला. ज्याला परफेक्ट गेम म्हणतात तो कुठेही दुर्मीळच. पण हंगामाच्या शेवटी, एका धावेवर, त्या काळच्या सर्वोत्तम पिचरविरुद्ध असा खेळ करणे ही माझ्या मते या खेळातली सर्वांत मोठी दुपार आहे.

३ एप्रिल १९११ रोजी टेनेसीतल्या चॅटनूगा गावी सराव सामन्याच्या वेळी तो मैदानावर चक्कर येऊन कोसळला. १४ एप्रिलला गेला. मेंदूच्या आवरणाला क्षयाची बाधा झाली होती. वय ३१. अंत्यविधीच्या दिवशी संघाचा सामना ठरलेला होता; खेळाडूंनी खेळायला साफ नकार दिला, आणि लीगच्या अध्यक्षांचा विरोध असतानाही शेवटी सामना पुढे ढकलावा लागला. जुलैत त्याच्या बायकामुलांसाठी क्लीव्हलंडमध्ये मदतीचा सामना झाला. त्यात टाय कॉब, ट्रिस स्पीकर, वॉल्टर जॉन्सन, साय यंग असे सगळे उतरले आणि जवळपास १३,००० डॉलर जमले. सोबतचे खेळाडू त्याला काय समजत होते, याची साक्ष त्या एका सामन्याच्या नावांच्या यादीत आहे.

पण तो नऊच हंगाम खेळला होता. हंगामात एका सामन्यापुरते मैदानात उतरले तरी तो हंगाम मोजला जातो, हा आपलाच हिशोब. १९११ चा हंगाम सुरू झाला तेव्हा जॉस मरणशय्येवर होता. त्या आठवड्यात त्याने एक इनिंग, अगदी एक चेंडू टाकला असता तरी दहा पूर्ण झाले असते. त्या एका चेंडूने त्याची थोरवी तसूभर वाढली नसती, पात्रता मात्र सिद्ध झाली असती. आपल्या पूर्वसुरींना यातला विपर्यास कळला, त्यांनी अट शिथिल केली आणि १९७८ साली जॉसची निवड झाली. मृत्यूनंतर ६७ वर्षांनी.

तो निर्णय योग्य होता. माझे म्हणणे इतकेच की तो अपवाद म्हणून राहिला, हे योग्य झाले नाही.

सँडी कोफॅक्सकडे पाहा. त्याच्याबद्दल आज कोणाच्या मनात शंका नाही. १९७२ साली पहिल्याच मतदानात तो निवडला गेला तेव्हा अवघा ३६ वर्षांचा होता; इतक्या लहान वयात तिथे दुसरे कोणी पोचलेले नाही. १९६१ ते १९६६ या सहा हंगामांत त्याने १२९ सामने जिंकले आणि ४७ हरले. चार नो-हिटर टाकले, म्हणजे एकही हिट न देता पूर्ण केलेले सामने; त्यांतला एक परफेक्ट. १९६५ च्या हंगामात ३८२ स्ट्राइकआउट. शेवटच्या हंगामात २७ विजय आणि १.७३ चा ईआरए, तोही कोपराच्या संधिवाताने डावा हात धड सरळ होत नसताना. इंजेक्शने, गोळ्या, अंगाची आग करणारे मलम, सामन्यानंतर बर्फाच्या पाण्यात बुडवलेला हात. नोव्हेंबर १९६६ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली तेव्हा तो ३० वर्षांचा होता. बेसबॉलनंतरही पुष्कळ आयुष्य उरले आहे आणि ते धडधाकट शरीराने जगायचे आहे, असे त्याने सांगितले.

आता त्याची आधीची सहा वर्षे. १९५५ ते १९६० मध्ये कोफॅक्सने ३६ सामने जिंकले, ४० हरले. ब्रुकलिनच्या या पोराला संघात घेताना मोठी बोनसरक्कम दिली होती, आणि तशी रक्कम घेणाऱ्याला दोन वर्षे मुख्य संघातच ठेवावे लागे, खाली शिकायला पाठवता येत नसे. म्हणून तो बाकावर बसून राहिला. त्या बसण्याचेही हंगाम आपल्या दहांत धरले गेले. समजा त्याला रीतसर खालच्या लीगमध्ये घडवून १९६१ मध्ये वर आणले असते आणि पुढचे सगळे जसेच्या तसे घडले असते, तर आपल्या नियमाप्रमाणे कोफॅक्स अपात्र ठरला असता. ज्या सहा वर्षांसाठी त्याचा फलक लावला, ती सहा वर्षे एकटी पुरली नसती. बाकावरच्या वर्षांनी त्याला दार उघडून दिले. ज्या नियमातून असे उत्तर निघते, तो नियम थोरवी मोजत नाही, हजेरी मोजतो.

पत्रकारांना मतदानासाठी आपण ज्या कसोट्या दिल्या आहेत, त्यांत खेळाडूची नोंदलेली कामगिरी आणि त्याची खेळण्याची क्षमता या दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. हे मला फार शहाणपणाचे वाटते. कामगिरी वर्षांनी साठत जाते. क्षमता एका हंगामातही पुरेपूर दिसू शकते. मग मतदाराला ज्याची पारख करायला सांगितले आहे, त्या माणसाचे नावच त्याच्यापर्यंत का पोचू देऊ नये?

कोणाकोणाचे पोचले नाही ते सांगतो.

हर्ब स्कोर. १९५५ साली क्लीव्हलंडकडून पहिल्याच हंगामात २४५ स्ट्राइकआउट, नवख्या पिचरचा तो विक्रम तब्बल २९ वर्षे टिकला. पुढच्या वर्षी २० विजय, २६३ स्ट्राइकआउट. १९५७ च्या वसंतात बॉस्टनने त्याच्यासाठी दहा लाख डॉलर देऊ केले होते, त्या काळात. ७ मे १९५७ च्या रात्री यांकीजच्या गिल मॅकडूगल्डने मारलेला सरळ फटका त्याच्या उजव्या डोळ्यावर बसला. मॅकडूगल्ड इतका हादरला की स्कोरचा डोळा गेला तर आपण खेळणे सोडू असे त्याने सांगितले. डोळा वाचला. पुढच्या वर्षी स्कोर परतला, पण हात दुखावला आणि पूर्वीचा वेग गेला. आपली कारकीर्द डोळ्याने संपली नाही, हाताने संपली, असे तो स्वतः नेहमी सांगत असे. मॅकडूगल्डवर ठपका येऊ नये, ही त्याची माणुसकी त्यात मला दिसते. आठ हंगाम खेळला. यादीत नाव येण्याचा प्रश्नच नाही.

टोनी कॉनिग्लियारो. बॉस्टनच्या परिसरातलाच मुलगा, बॉस्टनच्याच संघात. १९६५ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, ३२ होम रन मारून अमेरिकन लीगमध्ये पहिला आला. इतक्या कमी वयात तो मान कोणी मिळवलेला नाही. १८ ऑगस्ट १९६७ रोजी जॅक हॅमिल्टनचा चेंडू त्याच्या डाव्या गालाच्या हाडावर आदळला. हेल्मेटला कान आणि गाल झाकणारी पाळ नव्हती. पुढचा सबंध हंगाम गेला. १९६९ मध्ये तो परत आला आणि १९७० मध्ये, अधू डोळ्याने, ३६ होम रन मारले. हे वाक्य लिहितानाही मला थांबावेसे वाटते. सुमारे ताशी ९० मैल वेगाने येणारा चेंडू, आणि त्याचा ठाव घेणारा एक डोळा बिघडलेला. मग दृष्टी पुन्हा खालावली. तोही आठच हंगाम खेळला. १९८३ पासून नव्याने येणाऱ्या प्रत्येक फलंदाजाला पाळीचे हेल्मेट सक्तीचे आहे.

पीट रायझर दहा हंगाम भरतो, तरी त्याची कथा इथलीच आहे. १९४१ साली २२ वर्षांचा हा ब्रुकलिनचा खेळाडू .३४३ च्या सरासरीने नॅशनल लीगमध्ये पहिला आला. उंच उडालेल्या चेंडूमागे धावताना तो भिंत पाहत नसे. १९४२ च्या जुलैत सेंट लुईसमध्ये काँक्रीटच्या भिंतीवर डोके आपटून पडला, आणि दुखापत नीट बरी होण्याआधी पुन्हा मैदानात उतरला. १९४७ मध्ये ब्रुकलिनच्याच एबेट्स फील्डवर इतका जोरात आपटला की धर्मगुरूला बोलावून मरणासन्नासाठीची अंतिम प्रार्थना करवली गेली. त्यानंतर तिथल्या भिंतींना गाद्या आल्या. आज प्रत्येक मैदानात भिंतीच्या अलीकडे मातीचा पट्टा असतो, पायाखालचे गवत संपले की भिंत जवळ आली हे धावणाऱ्याला कळते. तो पट्टा, त्या गाद्या, हेल्मेटची ती पाळ या वस्तूंना इतिहास आहे, आणि तो इतिहास ज्यांच्या शरीरावर लिहिला गेला त्यांना खेळाच्या स्मृतीत हक्काची जागा हवी. आपल्याकडे संग्रहालय आहे आणि फलकांचे दालनही आहे. कोणाला कुठे स्थान द्यावे, यावर विचार होऊ शकतो. रायझरचा फलक लागावाच असे मी म्हणणार नाही. पण विचार व्हायला नावे टेबलावर यावी लागतात.

मार्क फिड्रिचचे नाव इथे निघणारच. १९७६ च्या उन्हाळ्यात डेट्रॉइटकडून खेळणारा हा २१ वर्षांचा कुरळ्या केसांचा पोरगा चेंडूशी बोलायचा, गुडघ्यावर बसून पिचरच्या उंचवट्यावरची माती हातांनी सारखी करायचा, चांगला झेल घेतलेल्या सोबत्याशी धावत जाऊन हात मिळवायचा. २८ जूनला देशभर दाखवल्या गेलेल्या सामन्यात त्याने यांकीजना हरवले, आणि प्रेक्षक घरी जाईनात. तो पुन्हा बाहेर येईपर्यंत ते उभे राहिले. त्या वर्षी १९ विजय, २.३४ चा ईआरए, आणि सुरू केलेल्या २९ सामन्यांपैकी २४ त्याने स्वतःच शेवटपर्यंत नेले. नवख्या मुलाकडून एवढे काम करून घेणे आज कोणालाही परवडणार नाही. त्या वर्षीचा त्याचा पगार लीगमधला किमान पगार होता. १९७७ मध्ये आधी गुडघा गेला, मग जुलैतल्या एका सामन्यात हात अचानक निर्जीव झाला. खांद्याचा स्नायू फाटला होता, हे निदान १९८५ मध्ये झाले. तोवर तो निवृत्त होऊन मॅसॅच्युसेट्समधल्या आपल्या गावी परतला होता. २००९ साली, आपल्या ट्रकची दुरुस्ती करताना अपघात होऊन तो गेला. वय ५४.

फिड्रिचचा फलक लावा, असे मी म्हणत नाही. एक हंगाम, कितीही लोभस असला तरी, तेवढ्यावर दालनात जागा देता येणार नाही असे माझे मत आहे. आणि एखाद्या वर्षी नशिबाने साथ दिलेले, पुढच्या वर्षी इतरांनी ओळखून बंद पाडलेले खेळाडूही असतात. १९८० चा अमेरिकन लीगमधला सर्वोत्तम नवखा खेळाडू जो शार्बोनो १९८२ पर्यंत संपला होता. ही पारख करायलाच तर मतदार आहेत. फिड्रिचला ते नाकारतील, स्कोरवर वाद घालतील, जॉसला एकमताने घेतील. ते काम त्यांना करू द्यावे. नियमाने आधीच सगळ्यांना एका रांगेत उभे करून परत पाठवू नये.

दुसऱ्या नियमाकडे येतो, आणि खरे तर मला जास्त यातना याच्याच होतात.

योहान सांताना हा व्हेनेझुएलाच्या मेरिदा राज्यातल्या तोवार या डोंगरातल्या गावचा. डावखुरा. त्याचे हत्यार म्हणजे चेंजअप: हात त्याच वेगाने फिरतो, चेंडू मात्र उशिरा पोचतो. क्रिकेटवाल्यांनी फसवा संथ चेंडू आठवावा, फक्त इथे फलंदाजाला टप्प्याची मदत नसते. २००४ मध्ये मिनेसोटाकडून हंगामाच्या उत्तरार्धात तो १३ सामने जिंकला, हरला एकही नाही, आणि त्या काळातला त्याचा ईआरए १.२१. त्या वर्षी लीगमधल्या सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार एकमताने. २००६ मध्ये पुन्हा एकमताने. दोन्ही लीग मिळून विजय, ईआरए आणि स्ट्राइकआउट या तिन्ही याद्यांत तो सर्वांत वर होता. मधल्या २००५ चा पुरस्कार त्याच्याहून जास्त सामने जिंकलेल्या बार्तोलो कोलोनला गेला, पण त्या हंगामातही सांतानाचा ईआरए २.८७ होता आणि कोलोनचा ३.४८. त्या वर्षीची मते आज मोजली तर निकाल वेगळा लागेल, याबद्दल मला शंका नाही. २००८ मध्ये न्यूयॉर्क मेट्सकडे गेला आणि तिथेही लीगमधला सर्वांत कमी ईआरए त्याचाच. पाच वर्षे जगातला सर्वोत्तम पिचर कोण, या प्रश्नाला एकच उत्तर होते.

२०१० च्या सप्टेंबरात खांद्याच्या सांध्याचे आवरण शिवावे लागले. २०११ चा अख्खा हंगाम घरी. १ जून २०१२ रोजी, न्यूयॉर्कमध्ये सेंट लुईसविरुद्ध, तो सातव्या इनिंगपर्यंत एकही हिट न देता पोचला. मेट्सच्या पन्नास वर्षांत, आठ हजारांहून जास्त सामन्यांत, त्यांच्या कोणत्याही पिचरने नो-हिटर टाकला नव्हता. व्यवस्थापक टेरी कॉलिन्सच्या मनात त्या रात्रीची मर्यादा ११० ते ११५ चेंडूंची होती. शिवलेल्या खांद्याला त्याहून जास्त झेपणार नाही, हे त्याला माहीत होते. सांतानाने बाहेर जायला नकार दिला. १३४ चेंडू टाकले, कारकिर्दीतले सर्वांत जास्त, आणि नो-हिटर पूर्ण केला. मैदानात जल्लोष चालू असताना कॉलिन्स मात्र हेलावला होता. आपण काय होऊ दिले हे त्याला कळत होते. त्यानंतर सांताना आणखी दहा सामने खेळला, बहुतेक वाईट. ऑगस्टनंतर पुन्हा कधी मोठ्या मैदानावर उतरला नाही. दुसऱ्या वर्षी खांदा पुन्हा फाटला. त्या १३४ चेंडूंनीच तो फाटला, असे ठामपणे कोणी सांगू शकत नाही, मीही सांगत नाही.

२०१८ मध्ये त्याचे नाव मतपत्रिकेवर आले. ४२२ पैकी १० मते. २.४ टक्के. एका वर्षात विषय संपला.

ती मतपत्रिका किती खचाखच भरली होती, हे आपण जाणता. चिपर जोन्स, व्लादिमीर गरेरो, जिम टोमी, ट्रेव्हर हॉफमन त्या वर्षी निवडले गेले, आणि बाँड्स, क्लेमन्सपासून मागची कितीतरी नावे साचून राहिली होती. दहांच्या मर्यादेत सांताना अकरावा असलेले मतदार नक्कीच असणार. त्यांना पुढच्या वर्षी त्याच्याकडे परत येता यायला हवे होते. हॉल ऑफ फेममध्ये अनेक जण असेच हळूहळू पोचले आहेत. दहाव्या वर्षी निवड झालेलेही आहेत. लांब कारकिर्दीच्या खेळाडूची ओळख मतदारांना आकड्यांतून एका दृष्टिक्षेपात पटते. छोट्या कारकिर्दीचे मोल पटायला तुलना करावी लागते, वाद व्हावे लागतात, वेळ लागतो. आणि नेमका तोच वेळ पाच टक्क्यांचा नियम त्याला देत नाही. कोफॅक्स १६५ विजय, सांताना १३९. मैदाने आणि काळ यांचा हिशोब करून पाहिले तर धावा रोखण्यात सांताना कोफॅक्सच्या मागे नाही, किंचित पुढेच आहे. कोफॅक्सकडे हंगामाच्या अंतिम मालिकेतले, म्हणजे वर्ल्ड सिरीजमधले पराक्रम आहेत, सांतानाकडे ते नाहीत. हा फरक मोठा आहे आणि मी तो झाकत नाही. पण तो फरक ८७ टक्के आणि २.४ टक्के एवढा आहे का?

जे. आर. रिचर्डवरही हाच अन्याय झाला. सहा फूट आठ इंच उंचीचा ह्यूस्टनचा हा पिचर १९७८ मध्ये ३०३ आणि १९७९ मध्ये ३१३ जणांना स्ट्राइकआउट करून गेला. १९८० च्या जुलैत त्याचा ईआरए १.९० होता आणि ऑल-स्टार सामना त्याने सुरू केला. त्याच सुमारास तो सांगत होता की हात जड होतो, बोटे बधिर होतात. लोकांनी विश्वास ठेवला नाही. आळशी आहे, नाटक करतो, संघावर रुसला आहे, असे छापून आले. एवढ्या धिप्पाड कृष्णवर्णी माणसाला काही दुखत असेल, ही कल्पनाच अनेकांना करता आली नाही. तपासणीत रक्तप्रवाहातला अडथळा दिसूनही शस्त्रक्रिया नको असे ठरले. ३० जुलैला ॲस्ट्रोडोममध्ये हलका सराव करताना तो पक्षाघाताने कोसळला. मेजर लीगमध्ये तो पुन्हा कधी खेळला नाही. नव्वदच्या दशकात काही काळ ह्यूस्टनमधल्या एका पुलाखाली राहत होता. दहा हंगामांची अट तो पूर्ण करत होता. नाव मतपत्रिकेवर आले आणि पहिल्याच वर्षी पाच टक्क्यांखाली राहून गळाले. मतदार त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघू शकले नाहीत. २०२१ मध्ये तो वारला.

चिनो स्मिथचे नाव तर बहुतेकांनी ऐकलेलेच नसेल. कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या निग्रो लीगमध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन जायंट्सकडून १९२९ साली तो .४५१ च्या सरासरीने खेळला. २०२४ मध्ये त्या लीगच्या नोंदी अधिकृत आकडेवारीत सामील झाल्या, तेव्हा एका हंगामातल्या सर्वोच्च सरासऱ्यांत जॉश गिब्सनखालोखाल हा आकडा आला. १९३० च्या जुलैत यांकी स्टेडियमवर निग्रो लीगचा पहिला सामना झाला, त्यात स्मिथने दोन होम रन आणि एक ट्रिपल मारला. १९३२ च्या जानेवारीत तो गेला, तिशी नुकतीच गाठून. ज्या लीगचे हंगाम छोटे होते, नोंदी अर्धवट होत्या, जिथल्या माणसांना औषधपाणीही धड मिळत नसे, तिथल्या खेळाडूला वर्षांच्या मोजणीने तोलणे मला सोसत नाही.

हा प्रश्न फक्त गेलेल्यांचा असता तरी मी लिहिले असते. पण तो पुढचाही आहे. मेजर लीगने स्वतःच डिसेंबर २०२४ मध्ये पिचरांच्या दुखापतींवर अहवाल प्रसिद्ध केला. सरळ वेगवान चेंडूचा सरासरी वेग २००८ मध्ये ताशी ९१.३ मैल होता, तो २०२४ मध्ये ९४.२ वर गेला. प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकायचा, अशीच शिकवण आता लहान वयापासून मिळते आणि कोपराचे अस्थिबंध, खांदे त्याची किंमत देतात. २०२४ च्या हंगामात २०० इनिंग टाकणारे पिचर सगळ्या तीस संघांत मिळून चार होते. फिड्रिचने एकट्याने एका वर्षात अडीचशे टाकल्या होत्या. संघांनीच पिचरला थोडा वेळ आणि पूर्ण ताकदीने वापरायचे ठरवल्यावर मोठ्या आकड्यांच्या लांब कारकिर्दी येणार कुठून? आजच्या पिढीतले सर्वोत्तम हात चार-पाच वर्षे तळपतील आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातील. आपल्या कसोट्या तशाच राहिल्या तर या पिढीतले मोजकेच पिचर दालनात दिसतील आणि नातवंडांना वाटेल की त्या काळात चांगले पिचर नव्हतेच.

लांब टिकणे ही थोरवी आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. डॉन सटन २३ हंगाम खेळला, ३२४ सामने जिंकला. इतकी वर्षे रोज उठून कामाला लागणाऱ्या शरीराला आणि मनाला मी नमस्कार करतो. त्याची जागा काढून दुसऱ्याला द्यावी असे कोणी म्हणत नाही. भिंतीवर जागा आहे.

आपल्याकडे मागणे असे आहे. दहा हंगामांची अट सरसकट काढायची तयारी नसेल तर निदान मतपत्रिकेवरची नावे ठरवणाऱ्या छाननी समितीला अधिकार द्या, की मृत्यू, आजार किंवा मैदानावरच्या इजेमुळे ज्याची कारकीर्द तुटली अशा खेळाडूचे नाव तिला दहा हंगामांखालीही पुढे आणता यावे. जॉससाठी जे एकदा केले त्याची रीत घालून द्या. पाच टक्क्यांची अट पहिली तीन वर्षे लागू करू नका, म्हणजे गर्दीच्या वर्षी आलेल्या नावाला श्वास घ्यायला वाव मिळेल. चिनो स्मिथचा विचार वर्षे न मोजता व्हावा. रिचर्ड आणि सांताना यांची नावे, पत्रकारांच्या मतदानातून सुटलेल्यांचा विचार करणाऱ्या त्या त्या युगाच्या समितीपुढे यावीत. तिथे सोळा माणसे एका खोलीत बसून बोलतात, आणि छोट्या कारकिर्दीबद्दल असेच बोलून ठरवायला हवे.

सांताना अजून पन्नाशीचाही नाही. समितीने त्याला निवडले तर हॉल ऑफ फेमच्या जुलैतल्या प्रवेश समारंभात तो स्वतः मंचावर येऊन, तोवारच्या आपल्या माणसांसमोर, स्पॅनिशमध्ये बोलू शकेल.

कळावे,
आपला,
बेसबॉलचा एक मराठी वाचक